पुनर्विकासात काम करायचं आहे? आधी ‘अनिर्णित’ हा रकाना वाचायला शिका

नगररचना, स्थापत्य किंवा आर्किटेक्चर शिकून नुकतीच बाहेर पडलेली बरीच मुलंमुली महापालिकेच्या पुनर्विकास प्रकल्पांत नोकरी शोधतात. मी ठाणे-मुंबई पट्ट्यात गेली काही वर्षं हेच काम करते. नेमणूक सल्लागार संस्थेची, पण दिवस जातो तो पालिकेच्या दालनांत आणि वस्तीत. माझ्याकडे चौकशीला येणाऱ्यांना जे सांगते, ते इथे सविस्तर लिहिते आहे.

ठाण्याची क्लस्टर योजना, म्हणजे समूह पुनर्विकास, हे उदाहरण समोर ठेवते. एक एक इमारत सुटी न घेता आख्खा परिसर एकत्र घ्यायचा आणि रस्ते, शाळा, मैदान, मलवाहिन्या यांच्यासकट नव्याने उभा करायचा, ही त्यामागची कल्पना. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसं गेली. अनधिकृत आणि धोकादायक इमारतींत राहणाऱ्यांचं काय करायचं, हा प्रश्न त्यानंतर ठाण्याला टाळता येईना. नियमानुसार एकट्या इमारतीचा पुनर्विकास करायचा तर जमिनीचा मालक, मंजूर नकाशा, पुरेसा रुंद रस्ता असं सगळं लागतं. वागळे इस्टेटच्या किसननगरात किंवा राबोडीत कित्येक इमारतींकडे यातलं काहीच नाही. म्हणून पूर्ण समूहाची योजना, आणि तीत अनधिकृत इमारतीतल्या पात्र रहिवाशालाही ३२३ चौरस फुटांच्या घराची तरतूद. किसननगरचं काम सिडको या राज्य सरकारच्या नगरविकास महामंडळाकडे आहे आणि त्याचा शुभारंभ जून २०२३ मध्ये झाला.

आता मुख्य गोष्ट. अशा प्रकल्पाची ‘प्रगती’ म्हटलं की नवीन माणसाच्या डोळ्यांपुढे क्रेन आणि स्लॅब येतात. आढावा बैठकीच्या तक्त्यात मात्र स्लॅबचा रकाना फार उजवीकडे, शेवटाकडे असतो. डावीकडून सुरुवात होते ती अशी : सर्वेक्षण झालेली घरं, पात्र, अपात्र, अनिर्णित, करारनामे, रिकामी केलेली, पाडलेली. मग जोतं, मग मजले, भोगवटा प्रमाणपत्र (इमारतीत राहायला हरकत नाही असा पालिकेचा दाखला) आणि सर्वांत शेवटी ताबा. यातला ‘अनिर्णित’चा आकडा तीन-चार बैठका जागचा हलत नसेल, तर उजवीकडच्या तारखा कितीही देखण्या असोत, त्यांवर विसंबू नका. हे कुठल्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत आणि मला वाटतं शिकवायला हवं.

अनिर्णित म्हणजे ज्यांच्या पात्रतेचा निकाल अजून लागलेला नाही ते. ते कोण? आजोबांच्या नावावर खोली, आजोबा वारलेले, तीन मुलगे, त्यांतला एक बदलापूरला, एक गावी, आणि खोलीत राहते ती धाकट्याची विधवा बायको. शंभराच्या स्टँप पेपरवर विकत घेतलेली खोली, विकणारा पुन्हा कधी भेटलेला नाही. वीजबिल एका नावाचं, कराची पावती दुसऱ्या, शिधापत्रिका तिसऱ्या. भाडेकरू आणि मालक दोघंही स्वतःला रहिवासी म्हणवतात. त्यातच समूहाच्या हद्दीत झोपडपट्टीचा तुकडा असला तर त्याचे निकष वेगळे : १ जानेवारी २०००पूर्वीची झोपडी असेल तर घर मोफत, त्यानंतर १ जानेवारी २०११पर्यंतची असेल तर सशुल्क. एकाच गल्लीत समोरासमोर राहणाऱ्या दोन कुटुंबांना दोन वेगळे नियम लागतात, आणि ते समजावून सांगायची वेळ तुमच्यावर येते.

म्हणून माझा आग्रह असतो की पहिलं वर्ष सर्वेक्षणाला द्या. बायोमेट्रिक घ्यायला एजन्सीची मुलं असतात, तुम्ही त्यांच्याबरोबर फिरा. कामाच्या दिवशी दुपारी गेलात तर निम्म्या दारांना कुलूप. रविवारी सकाळी किंवा रात्री आठनंतर जा. कागदांच्या पिशव्या बहुतेक घरांत बायकांच्या ताब्यात असतात आणि कुठला कागद कधीचा हे त्यांनाच नीट माहीत असतं. एका आजींनी मला नळजोडणीची चाळीस वर्षांपूर्वीची पावती काढून दिली आणि म्हणाल्या, “पोरी, हिचा फोटो काढ, पण नेऊ नकोस. मागच्या साहेबांनी नेलेलं अजून परत आलं नाही.” मूळ कागद कधीही ताब्यात घ्यायचा नाही, जागेवरच स्कॅन करायचा आणि पोच द्यायची, हा नियम आमच्या चमूने तेव्हापासून कधी मोडला नाही.

पात्रतेनंतरचा नाजूक भाग म्हणजे घर रिकामं करणं. माणूस निघतो तो दोन गोष्टींवर विश्वास ठेवून : मधल्या काळातलं भाडं किंवा संक्रमण घर मिळेल, आणि परत यायची जागा लेखी पक्की आहे. ठाण्यात धोकादायक इमारतींतल्या कुटुंबांना एमएमआरडीएच्या, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, भाडेतत्त्वावरच्या योजनेतली घरं दिली गेली आहेत. ती १६० चौरस फुटांची. चार-पाच माणसांचं कुटुंब तिथे काही महिन्यांसाठी म्हणून जातं आणि मुलांच्या शाळा बदलून मोकळं होतं. भाड्याचे धनादेश उशिरा आले की पहिला फोन तुम्हालाच येणार. तो उचला. माझ्या पाहण्यात, एखाद्या टप्प्याचं भाडं वेळेवर गेलं तर पुढच्या टप्प्यातल्या इमारती फारशी खळखळ न करता रिकाम्या होतात, आणि तीन महिने थकलं तर आजूबाजूच्या चार सोसायट्या करारावर सह्या करायच्या थांबतात. प्रगती अहवालात भाड्याच्या थकबाकीचा रकाना नसेल तर तो घालायला लावा. मी प्रत्येक ठिकाणी हट्ट धरून घालायला लावला आहे.

वेळेचा अंदाज यावा म्हणून शेजारच्या मुंबईतलं एक उदाहरण. ते पालिकेचं नाही, म्हाडाचं, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचं, पण शिकण्यासारखं. वरळीच्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकातल्या, खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासाचं भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झालं आणि ५५६ कुटुंबांच्या पहिल्या तुकडीला ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या ऑगस्ट २०२५ मध्ये. जमीन सरकारी, रहिवाशांच्या नोंदी बऱ्यापैकी जागेवर, तरी आठ वर्षं. ज्या वस्तीत जमिनीचे मालक शेकड्यांनी आणि नकाशेच मंजूर नाहीत, तिथे किती लागतील याचा हिशेब स्वतः करा आणि रहिवाशांच्या सभेत कोणी “तीन वर्षांत घर” म्हणत असेल तर तुम्ही त्याला मान डोलावू नका.

पैशाची बाजूही समजून घ्या, नाहीतर तक्त्यातले आकडे का अडतात ते कळत नाही. पुनर्वसनाची घरं फुकट द्यायची तर खर्च निघतो तो वाढीव एफएसआयमधून, म्हणजे त्याच जमिनीवर मिळालेल्या जादा बांधकामाच्या परवानगीतून, विकायच्या घरांवर. जिथे विक्रीचा दर चांगला तिथे गणित बसतं. जिथे दर कमी आणि दाटी जास्त, तिथे बसत नाही, आणि नेमक्या अशाच वस्त्यांतल्या इमारती सर्वांत जास्त मोडकळीला आलेल्या असतात. सिडकोसारख्या सरकारी संस्थेला का यावं लागतं त्याचं उत्तर मला यात दिसतं.

महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, त्याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचे तिमाही अहवाल असतात, ते वाचायची सवय लावा. आर्किटेक्ट, अभियंता आणि सीए यांच्या प्रमाणपत्रांतून काम किती झालं आणि पैसे किती काढले हे कळतं. मात्र तिथे दिसते ती विक्रीची इमारत. ज्या पुनर्वसन इमारतीत विक्री नाही तिची नोंदणी लागत नाही, म्हणून मूळ रहिवाशांच्या घरांचं काम कुठवर आलं ते तुम्हाला तिथे सापडणार नाही. विक्रीचा टॉवर विसाव्या मजल्यावर आणि पुनर्वसनाची इमारत जोत्यावर, असं चित्र असेल तर ते प्रत्यक्ष जागेवर गेल्यावरच दिसतं. महिन्यातून एकदा तरी जा. फोटो काढा, तारीख टाका.

शिक्षणाचं थोडक्यात. बी.आर्क., स्थापत्य अभियांत्रिकी, बी.प्लॅन. यांपैकी काहीही चालतं, पुण्याच्या सीओईपीत नियोजनाचं शिक्षण आहे. समाजकार्य शिकलेल्यांना या क्षेत्रात फार मागणी यायला हवी असं माझं मत आहे. आज बहुतेक चमूंत त्यांना एखादीच जागा असते, आणि पात्रतेचं काम रखडायचं ते एक मोठं कारण आहे. सरकारी वाट हवी असेल तर सहायक नगररचनाकार पदासाठी एमपीएससी आणि नगररचना विभागातली रचना सहायकाची भरती, या दोन जाहिरातींवर लक्ष ठेवा.

वाचायचं म्हणाल तर १९६६चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम आणि मुंबई आणि काही अपवाद वगळता राज्यभर लागू असलेली डिसेंबर २०२०ची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली. मुंबईसाठी तिथली विकास नियमावली, म्हणजे डीसीपीआर २०३४, त्यातही जुन्या उपकरप्राप्त इमारतींबद्दलचा ३३(७) आणि समूह पुनर्विकासाबद्दलचा ३३(९). सगळं पाठ करायचं नाही. एखादा प्रत्यक्ष प्रकल्प घ्या आणि त्याच्या मंजुरीच्या पत्रातली प्रत्येक अट कुठल्या कलमातून आली ते शोधत बसा. इमारत किती धोकादायक आहे त्यानुसार ठरणारे सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ हे वर्ग मात्र पहिल्याच आठवड्यात पक्के करा. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, तातडीने रिकामी करून पाडायची. पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींची यादी लागते आणि तेव्हा रात्री-अपरात्री हेच शब्द कानावर येतात.

मुलाखतीत तुम्हाला प्रश्न विचारायला सांगतील, तेव्हा हे तीन जरूर विचारा : अनिर्णित प्रकरणं किती आणि त्यांतली सर्वांत जुनी कधीपासूनची, भाडं कोणत्या महिन्यापर्यंत दिलं आहे, आणि रहिवाशांच्या तक्रारी कोण ऐकतं. तिसऱ्या प्रश्नावर समोरच्याने एखाद्या माणसाचं नाव आणि बसायची वेळ सांगितली, तर ती नोकरी घ्या.