वंशावळ काढायचीय? आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना गाठा

वंशावळ म्हटलं की लोक आधी वेबसाईट उघडतात, पण माझं ऐका, आधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ जाऊन बसा, कागद काय पुढच्या वर्षीही मिळेल. त्यांना विचारून मोबाईलवर रेकॉर्डिंग लावा. आणि "पणजोबा कोणत्या साली जन्मले" असं विचारलंत तर "काय माहीत बाबा" एवढंच ऐकायला मिळेल. त्यापेक्षा जुना फोटो हातात द्या, ही कडेवरची पोर कोणाची, पुढे कुठे दिली हिला, मग बघा एका नावातून दुसरं कसं निघतं ते. टोपणनावं पण लिहा. फोटोची मागची बाजू स्कॅन करायला विसरू नका, कित्येकदा नाव, तारीख किंवा स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो.

बायकांची माहेरची नावं मुद्दाम विचारा. बहुतेक वंशावळींत त्या गळलेल्याच असतात, म्हणजे निम्मे पूर्वज गायब, आणि मला हे खरंच खटकतं.

मांडताना स्वतःपासून एकेक पिढी मागे जा. प्रत्येक नावापुढे माहिती कोणी दिली ते लिहा. नुसतं नाव जुळलं म्हणून कुणाला जोडू नका, गाव, जोडीदार, साल यातलं अजून काहीतरी जुळायला हवं. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाईटवर रेकॉर्ड फुकट शोधता येतात. वंशावळीचं झाड कुठेही बनवा, त्याची गेडकॉम फाईल (वंशावळीच्या बहुतेक वेबसाईट-ॲपमध्ये उघडते ती) काढून स्वतःजवळ ठेवा.

डीएनए टेस्टचं म्हणाल तर सख्ख्या चुलत-मावस भावंडांत साधारण १२.५ टक्के डीएनए सारखा असतो, पणजोबा एक असतील तर ३ टक्क्यांच्या आसपास, आणि खापरपणजोबांपर्यंत गेलात तर कधीकधी काहीच जुळत नाही, म्हणून नातं नाही असं धरू नका. घरात कुणालाच माहीत नसलेलं काही बाहेर येऊ शकतं, टेस्टआधी घरच्यांशी बोला.

लांबचं कोणी सापडलं की पहिला मेसेज छोटा ठेवा. मी कोण, आपले कोणते पूर्वज एक वाटतात, आणि सोबत त्यांच्याकडे नसेल असा एखादा जुना फोटो. लगेच जन्मतारखा, पत्ते मागितले की समोरच्याला फ्रॉड वाटतो, साहजिक आहे. उत्तर नाही आलं तर मागे लागू नका, काही महिन्यांनी एकदा परत लिहा. आणि हयात माणसांची माहिती त्यांना विचारल्याशिवाय ऑनलाईन टाकायची नाही, जवळचे असले तरी.