लिनक्सवर एक्स्टर्नल हार्ड डिस्क माउंट होत नाहीये? या चुका टाळा

डिस्क लावली, लाइट लागला, आत काहीतरी फिरतंय असा आवाजही येतोय, पण फाइल मॅनेजरमध्ये काहीच नाही, किंवा नाव दिसतंय आणि क्लिक केलं की एरर, म्हणजे डिस्क माउंट होत नाहीये, सिस्टीम तिच्यातल्या फाइल वापरायला घेत नाहीये. अशा वेळी हात थेट टर्मिनलकडे जातो, नेटवर सापडलेली पहिली कमांड पेस्ट होते आणि खरा घोळ तिथून सुरू होतो. मी आत्तापर्यंत जेवढ्या अशा डिस्क पाहिल्यात त्यातल्या बऱ्याच जणांचा डेटा मूळ बिघाडात शाबूत होता, तो गेला दुरुस्तीच्या घाईत. म्हणून आधी एकच सांगतो, काय बिघडलंय हे कळेपर्यंत डिस्कवर काहीही लिहिणारी कमांड चालवायची नाही, फक्त वाचायचं.

मी स्वतः हे किंमत मोजून शिकलोय. एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये फॉरमॅट केलेली १ टीबीची डिस्क होती, माउंट होईना, मी सरळ एफएससीके या फाइल सिस्टीम दुरुस्त करणाऱ्या कमांडला -वाय लावून एंटर मारलं, म्हणजे तो जे विचारेल त्याला हो. स्क्रीनवर ब्लॉक वाचता येत नाही, दुर्लक्ष करू का, हो, जबरदस्तीने परत लिहू का, हो, अशा ओळी किती वेळ पळत होत्या आणि मला वाटत होतं दुरुस्ती चाललीये. संपल्यावर डिस्क माउंट झाली खरी, पण फोटोंचे फोल्डर जागेवर नव्हते, सगळं लॉस्ट+फाउंड या बेवारस फाइलींच्या फोल्डरमध्ये # आणि पुढे आकडे अशा नावांनी पडलेलं. दुसऱ्या दिवशी कळलं की केबल खराब होती. डिस्क ठणठणीत होती, वाचताना मधेच कनेक्शन तुटत होतं आणि मी त्या अर्धवट वाचलेल्या माहितीवरून फाइल सिस्टीम दुरुस्त करत बसलो होतो. जखम मांडीला आणि मलम शेंडीला.

कर्नल काय म्हणतोय ते न वाचणं

डिस्क काढा, टर्मिनलमध्ये सुडो डीमेसेज -डब्ल्यू चालवा, ही कमांड कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, संदेश दाखवते, आणि मग डिस्क लावा. ओळी डोळ्यासमोर येतील. काहीच आलं नाही तर सॉफ्टवेअरचा विषयच नाही, केबल, पोर्ट नाहीतर पॉवर. टाइप-सी केबल असेल तर ती नुसती चार्जिंगची तर नाही ना ते बघा, दिसायला दोन्ही सारख्याच असतात.

ओळ आली आणि डिस्क यूएसबी ३ ची असूनही तिथे हाय-स्पीड असं लिहिलंय तर ती यूएसबी २ म्हणून जोडली गेलीये, सुपरस्पीड असायला हवं होतं. पोर्टेबल डिस्कना जी रुंद, दोन भागांची चपटी पिन असते ना, तिचा एक भाग नीट बसला नाही की हे होतं. पिन पूर्ण बाहेर काढून, सरळ धरून परत दाबा, यातच कित्येकदा प्रश्न सुटतो.

एरर -७१ किंवा -११० दिसलं, किंवा रीसेटच्या ओळी परत परत येत असतील, तर -७१ म्हणजे यूएसबीवरचं बोलणंच बिघडतंय आणि -११० म्हणजे उत्तर वेळेत आलं नाही. दोन्हीत आधी केबल बदला, मग पोर्ट, हब मधे असेल तर काढून टाका. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००, आणि फिरणाऱ्या डिस्कला सुरू होतानाच जास्त करंट लागतो, त्यामुळे स्वतःचा अॅडॉप्टर नसलेल्या हबवर दोन डिस्क लावल्या की एक तरी रुसते. ३.५ इंची डिस्कला तर वेगळा अॅडॉप्टर लागतोच.

केबल, पोर्ट सगळं बदलून झालं आणि तरी रीसेट होत असेल, विशेषतः मोठी फाइल कॉपी करताना, तर यूएएस, म्हणजे यूएसबी डिस्क वेगाने चालवणारा ड्रायव्हर, आणि केसमधल्या चिपचं जमत नसण्याची शक्यता आहे. एलएसयूएसबी या यूएसबी वस्तूंची यादी देणाऱ्या कमांडमधून डिस्कचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी घ्या आणि यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स या, बूट होताना कर्नलला देतात त्या पॅरामीटरमध्ये तो लिहून शेवटी :यू लावा, मग त्या डिस्कपुरता यूएएस बंद होतो. वेग थोडा कमी मिळेल, डिस्क टिकून राहील.

चुकीच्या नावाला माउंट करणं

एलएसबीएलके -एफ ही माझी सगळ्यात लाडकी कमांड, ती सगळ्या डिस्क, पार्टिशन आणि त्यांच्या फाइल सिस्टीमची यादी देते. एसडीबी म्हणजे पूर्ण डिस्क, एसडीबी१ म्हणजे तिच्यावरचं पहिलं पार्टिशन, आणि माउंट करायचं असतं पार्टिशन. एसडीबीला माउंट करायला गेलात तर चुकीचा एफएस टाइप, चुकीचा ऑप्शन, खराब सुपरब्लॉक अशी लांबलचक एरर येते आणि माणूस सुपरब्लॉक, म्हणजे फाइल सिस्टीमच्या मूळ माहितीचा ब्लॉक, हा शब्द वाचूनच घाबरतो. ती एरर सरसकट आहे, सुपरब्लॉक गेलाच असा तिचा अर्थ नाही. खरं कारण त्याच क्षणी डीमेसेजच्या शेवटच्या दोन-तीन ओळींत असतं.

आणि हो, काल एसडीबी होती म्हणून आजही एसडीबी असेल असं धरून चालू नका. केबल हलून डिस्क निसटली आणि परत जोडली गेली की बऱ्याचदा एसडीसी होऊन येते, कारण जुनं नाव अजून जुन्या माउंटने धरून ठेवलेलं असतं. कोणतीही धोक्याची कमांड मारायच्या आधी साइज आणि लेबल बघून खात्री करा, दर वेळी.

त्याच कमांडमध्ये टाइपचा कॉलम बघा. क्रिप्टो_लक्स असेल तर डिस्क एन्क्रिप्टेड आहे, आधी क्रिप्टसेटअप ओपनने उघडा आणि मग जे नवीन मॅपर नाव मिळेल ते माउंट करा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं एन्क्रिप्शन, असेल तरी घाबरू नका, क्रिप्टसेटअप २.३ पासून तेही उघडतं, पासवर्ड किंवा रिकव्हरी की हवी.

कॉलम रिकामा असेल तर इथे सगळ्यात मोठी चूक होते, ती म्हणजे डिस्क कोरी दिसतेय म्हणून नवीन पार्टिशन टेबल बनवणं. थांबा. डिस्क एका केसमधून काढून दुसऱ्या केसमध्ये किंवा थेट मदरबोर्डच्या साटा पोर्टवर लावलीये का ते आठवा. काही केस, विशेषतः २ टीबीच्या वरच्या डिस्कसाठीचे, सिस्टीमला सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा मोजायचा तुकडा, ४०९६ बाइटचा दाखवतात, आणि तीच डिस्क थेट लावली की ५१२ चा दिसतो, त्यामुळे पार्टिशनचे आकडे जुळत नाहीत आणि सगळं गायब वाटतं. जुन्या केसमध्ये परत घातली की डेटा जसाच्या तसा समोर.

विंडोजची एनटीएफएस डिस्क जबरदस्तीने उघडणं

हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलं, त्यात शटडाउन केल्यावर मशीन खरंतर अर्धवट हायबरनेट होतं, आणि डिस्क सेफली रिमूव्ह न करता ओढली असेल तर एनटीएफएसवर डर्टी अशी खूण राहते. लिनक्स ती खूण बघून माउंट नाकारतो. कर्नल ५.१५ मध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, आलेला एनटीएफएस३ ड्रायव्हर तर स्पष्ट सांगतो की व्हॉल्यूम डर्टी आहे आणि फोर्स दिलेलं नाही. आता वाक्यात फोर्स शब्द दिसला की लोक फोर्स लावून मोकळे होतात! असं करू नका. तो नकार तुमच्याच भल्यासाठी आहे.

आधी -ओ आरओ लावून रीड-ओन्ली माउंट करा आणि महत्त्वाचं सगळं दुसरीकडे कॉपी करा. मग डिस्क विंडोजला लावून चेकडिस्क /एफ चालवा, सेफली रिमूव्ह करा, आणि विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून शटडाउन करा म्हणजे ते खरोखर बंद होईल. विंडोजमध्ये पॉवरसीएफजी /एच ऑफ केलं तर फास्ट स्टार्टअपची कटकट जाते. लिनक्सवरच्या एनटीएफएसफिक्सवर लोकांचा फार विश्वास आहे, पण ते चेकडिस्क नव्हे. ते मोजक्या गोष्टी नीट करतं, जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, रिकामं करतं आणि पुढची तपासणी विंडोजवर सोडून देतं. हाताशी विंडोज नसेलच तर, आणि कॉपी झाल्यानंतरच, ते वापरा.

एक्सफॅटचं सोपं आहे. कर्नल ५.७ पासून चांगला ड्रायव्हर आत आहे, त्याहून जुनी सिस्टीम असेल तर एक्सफॅट-फ्यूज टाका.

नुकताच कर्नल अपडेट केला असेल आणि अनोळखी फाइल सिस्टीम टाइप अशी एरर येत असेल तर रीबूट करा. रोलिंग डिस्ट्रोवर, म्हणजे सतत अपडेट येत राहणाऱ्या लिनक्सवर, अपडेट होताना चालू कर्नलचे मोड्यूल, म्हणजे ड्रायव्हरच्या फाइल, उडतात, मग ड्रायव्हर लोड कुठून होणार.

एफएसटॅबमध्ये अर्धवट ओळ

एक्स्टर्नल डिस्क एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूट होताना काय माउंट करायचं त्या यादीच्या फाइलमध्ये, टाकायची तर यूयूआयडीने, म्हणजे फाइल सिस्टीमच्या कायमच्या ओळख क्रमांकाने, टाका, एसडीबी१ लिहून नाही, आणि नोफेल हा ऑप्शन लावाच. ते नसेल आणि डिस्क जोडलेली नसेल तर सिस्टीमडी, म्हणजे बूट सांभाळणारा प्रोग्रॅम, डीफॉल्टने ९० सेकंद वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये नेऊन सोडतं, तेव्हा माणसाला वाटतं पूर्ण सिस्टीमच गेली. एक्स-सिस्टीमडी.डिव्हाइस-टाइमआउट १० सेकंद ठेवलं की बूट अडकून बसत नाही. फाइल बदलल्यावर सिस्टीमसीटीएल डीमन-रीलोड करा आणि रीबूटच्या आधी माउंट -ए मारून बघा.

माउंट होतंय पण लिहिता येत नाही, ही वेगळी तक्रार आहे. एक्स्ट४ वर मालकाचा नंबर डिस्कवरच लिहिलेला असतो, दुसऱ्या मशीनवर तुमचा नंबर वेगळा असेल तर परवानगी नाही. सीएचमॉड ७७७ सगळीकडे मारू नका, सीएचओनने मालक बदला. एनटीएफएस आणि एक्सफॅटवर मात्र माउंट करताना यूआयडी आणि जीआयडी, म्हणजे तुमचा आणि ग्रुपचा नंबर, द्यावा लागतो, नंतर सीएचओन करून उपयोग नाही.

मरणाऱ्या डिस्कवर एफएससीके

डीमेसेजमध्ये आय/ओ एरर आणि सेक्टर नंबर येत असतील, आणि केबल बदलूनही येत असतील, तर डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्टसीटीएल -ए चालवा, यूएसबी केसमधून वाचत नसेल तर -डी सॅट जोडा. पाचव्या नंबरचा रीअॅलोकेटेड सेक्टर आणि १९७ चा करंट पेंडिंग सेक्टर बघा, दोन्हींचा शेवटचा कच्चा आकडा शून्य हवा. पेंडिंग वाढतोय म्हणजे डिस्क चाललीये, तिच्याकडून आता फक्त कॉपीचं काम करून घ्यायचं. डीडीरेस्क्यूने तिच्याहून मोठ्या डिस्कवर इमेज, म्हणजे पूर्ण डिस्कची हुबेहूब नक्कल, घ्या, पहिल्या फेरीत -एन लावा म्हणजे खराब जागी अडून न बसता चांगला भाग आधी निघेल, आणि मॅप फाइल द्यायला विसरू नका, तीच असते म्हणून मधेच थांबवून नंतर तिथून पुढे सुरू करता येतं. मग एफएससीके चालवायचं ते त्या इमेजच्या कॉपीवर, तेही आधी -एन ने, म्हणजे ते फक्त काय बिघडलंय ते सांगेल, लिहिणार काही नाही. फाइल सिस्टीम एक्सएफएस असेल तर एक्सएफएस_रिपेअरचा मोठा एल हा ऑप्शन अगदी शेवटी, तो बदलांचा लॉग फेकून देतो. आणि डिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर यातलं काहीच करू नका, बंद करून रिकव्हरीवाल्यांकडे द्या, प्रत्येक मिनिट चालू ठेवणं नुकसानीचं आहे.

डिस्क परत नीट चालायला लागली की काढतानाची सवयही बदला. कॉपीचा बार १०० टक्क्यांवर गेला तरी डेटा मेमरीत थांबलेला असू शकतो, म्हणून यूडिस्क्ससीटीएल या कमांडने आधी अनमाउंट आणि मग पॉवर-ऑफ. हात डिस्कवर ठेवलात तर फिरण्याची थरथर हळूहळू थांबलेली कळते, केबल त्यानंतर काढा.