मुलाच्या नावाचे गोष्टीचे पुस्तक करताना या चुका टाळा

माझ्या भाचीच्या पाचव्या वाढदिवसाला मी तिला तिच्याच नावाचे गोष्टीचे पुस्तक भेट दिले. मुखपृष्ठावर तिचा फोटो होता, आत राजवाडा, परी आणि पांढरा घोडा होता, आणि प्रत्येक पानावर तिचे नाव ठळक अक्षरांत छापलेले होते. दोन दिवस तिने ते पुस्तक खाली ठेवले नाही. परळच्या त्यांच्या घरी आलेल्या-गेलेल्या प्रत्येकाला तिने ते दाखवले, आणि तिसऱ्या दिवशी ‘मावशी, तूच वाच ना’ म्हणत ते माझ्या हातात दिले. स्वतः तिने त्यातले एकही वाक्य वाचलेले नव्हते.

त्या रात्री मी ते पुस्तक पुन्हा उघडले आणि पहिले वाक्य नीट पाहिले. ‘एका समृद्ध राज्यात एक तेजस्वी राजकन्या वास्तव्य करीत होती.’ या नऊ शब्दांपैकी पाच शब्दांत जोडाक्षरे आहेत, आणि माझी भाची त्या वेळी नुकती काना-मात्रा जोडायला शिकत होती. पुस्तक तिच्याविषयी होते, पण तिला वाचता येण्याजोगे नव्हते. त्यानंतरच्या दोन वर्षांत मी भाचरांसाठी आणि मैत्रिणींच्या मुलांसाठी अशी बरीच पुस्तके स्वतः तयार केली. नाव आणि फोटो मुलाला पुस्तकापर्यंत आणतात, परंतु त्याला एकट्याने वाचायला लावते ते वाक्य, हे मला त्यातून पटले. म्हणून फोटो निवडण्याआधी वाक्ये तपासावीत.

नाव कोऱ्या जागेत भरणे

तयार पुस्तके बहुधा एका साच्यावर छापलेली असतात. मजकूर ठरलेला असतो आणि मधल्या कोऱ्या जागेत मुलाचे नाव बसवले जाते. इंग्रजीत हे बऱ्याच अंशी खपून जाते, मराठीत मात्र नावाला प्रत्यय लागतो आणि नावाबरोबर क्रियापद, विशेषण व सर्वनाम बदलते. ओम म्हणाला, सई म्हणाली. छोटा ओम, छोटी सई. त्याची पिशवी, तिची पिशवी. साचा मुलासाठी लिहिलेला असेल आणि त्यात मुलीचे नाव भरले, तर ‘सई धावत गेला’ असे वाक्य तयार होते. नुकते वाचायला लागलेले मूल अशा वाक्यापाशी अडखळते, कारण त्याच्या कानाला ते चुकीचे वाटते; आणि चूक पुस्तकाची आहे हे त्याला ठाऊक नसल्यामुळे ते स्वतःच्या वाचनावरच शंका घेते. ‘सई ने’, ‘ओम ला’ असे प्रत्यय सुटे छापले जाण्याची चूकही सर्रास आढळते. प्रत्यय नावाला जोडूनच हवा.

साचा वापरायचाच असेल तर त्यावर एक सोपा उपाय आहे. ‘ने’ प्रत्ययाच्या भूतकाळी वाक्यांत क्रियापद कर्मानुसार चालते. ‘सईने दार उघडले’ आणि ‘ओमने दार उघडले’ यांत नावाखेरीज काहीच बदलत नाही. अशी वाक्ये जितकी अधिक, तितका साचा बिनधोक राहतो. नावाचे सामान्यरूप मात्र घरात जसे बोलले जाते तसेच ठेवावे. घरात ‘गणेशला बोलाव’ म्हणत असतील तर पुस्तकात ‘गणेशाला’ लिहून मुलाला परके करू नये. लाडाच्या नावाचेही तसेच आहे. जे मूल दिवसभर ‘सोनू’ ही हाक ऐकते, त्याला कागदावरचे जन्मदाखल्यातले नाव कित्येकदा दुसऱ्याच कोणाचे वाटते.

नाव किती वेळा यावे, याचाही विचार करावा लागतो. स्वतःचे नाव हा बहुतेक मुलांना ओळखू येणारा पहिला लिखित शब्द असतो, आणि तो शब्द मुले अक्षरे लावून वाचत नाहीत, चित्रासारखा ओळखतात. त्यामुळे नाव प्रज्ञा किंवा ऋग्वेद असे अवघड असले तरी काळजी करू नये. नाव प्रत्येक वाक्यात आले तर मूल नावावरून नावावर उड्या मारत जाते आणि मधले शब्द वाचायचे राहतात. एका पानावर एकदा नाव पुरेसे आहे.

मुलाला न येणारी अक्षरे

ही चूक सर्वांत अधिक होते आणि तिचे नुकसानही सर्वांत मोठे असते. मुंबईत मराठी घरांतील कितीतरी मुले इंग्रजी माध्यमात शिकतात. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत मराठी शिकवणे सक्तीचे झाले असले, तरी या मुलांचे बोलणे आणि वाचणे यांत मोठे अंतर असते. ती अस्खलित मराठी बोलतात, पण घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत गोंधळतात. पहिल्या वेलांटीपाशी तर हमखास अडतात, कारण ती लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. डावीकडून एकेक चिन्ह वाचत जाण्याची इंग्रजीची सवय येथे आड येते.

म्हणून पुस्तक लिहिण्याआधी एक कागद घेऊन मुलाला बिनचूक ओळखता येणारी अक्षरे आणि स्वरचिन्हे त्यावर लिहून काढावीत, आणि पहिले पुस्तक शक्यतो तेवढ्याच सामग्रीत लिहावे. यामुळे गोष्ट बेचव होईल, ही भीती मलाही होती. भाचीसाठी दुसरे पुस्तक लिहायला बसले तेव्हा माझ्या लक्षात आले की ती रोज ज्या स्थानकाची पाटी पाहते त्या ‘परळ’ या शब्दात काना, मात्रा, वेलांटी काहीच नाही. नुसती तीन मोकळी अक्षरे आहेत. ‘दादर’मध्ये एक काना आहे, ‘खार’मध्येही एकच. मग राजवाडा सोडून मी तिला आजीबरोबर मामाकडे खारला नेले. ‘परळ. गाडी आली. आत बसा.’ पुढच्या पानावर ‘दादर आले. उतरा, उतरा!’ त्यापुढे ‘आता गाडी बदला.’ मग माटुंगा, मग माहीम, आणि शेवटी ‘खार आले. मामा दारात उभा.’ संपूर्ण पुस्तकात जोडाक्षर एकच होते, ‘वांद्रे’, आणि ते मी मुद्दाम ठेवले होते. त्या पानावर ती क्षणभर थांबली, ओठातल्या ओठात ‘पुढील स्टेशन’ असे पुटपुटली, आणि मग मोठ्याने ‘वांद्रे!’ म्हणाली. लोकलमधील घोषणा तिच्या कानात होती, आणि तिने ती अक्षरांशी जुळवली. त्या दिवशी तिने ते पुस्तक सलग चार वेळा वाचले, चारही वेळा एकटीने.

प्रत्येक मुलाची अशी शब्दसंपत्ती वेगळी असते. कोणाची चाळीच्या गॅलरीत असते, कोणाची मासळी बाजारात, कोणाची बेस्टच्या बसवरील मराठी आकड्यांत. मोठ्यांना गोष्टीत सुंदर वाटणारा शब्द आणि मुलाच्या तोंडी असलेला शब्द यांत निवड करायची वेळ आली, तर पहिल्या पुस्तकापुरता तरी मुलाच्या तोंडचा शब्द घ्यावा.

काठिण्य तपासण्यासाठी पाच बोटांचा नियम अनेकांना माहीत आहे: एका पानावर मूल पाच शब्दांना अडले तर पुस्तक त्याच्यासाठी अवघड समजावे. हा नियम भरगच्च मजकुराच्या पानांसाठी आहे. आठ-दहा शब्दांच्या पानावर दोन ठिकाणी अडखळले तरी मी ते वाक्य बदलते.

टंक आणि छपाई

संगणकावर नीट दिसणारा मजकूर छापताना फुटू शकतो. रफार भलत्याच अक्षरावर जातो, पहिली वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटते, जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेली सुटी अक्षरे येतात. मोठा माणूस अंदाजाने वाचून नेतो, मूल तसे करू शकत नाही. म्हणून छपाईच्या दुकानात मूळ फाइल न देता पीडीएफ द्यावी, तिच्यात टंक (फॉन्ट) अंतर्भूत असल्याची खात्री करावी आणि सर्व प्रती काढण्यापूर्वी एक प्रत काढून प्रत्येक शब्द बोट ठेवून वाचावा. काही टंकांत ख हे अक्षर ‘रव’ असे दिसते. तसा टंक मुलांच्या पुस्तकात वापरू नये. ल आणि श यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत, आणि काही टंकांत मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडल्याखेरीज ती उमटत नाहीत. शाळेत एक ल आणि पुस्तकात दुसरा, असे झाले की मूल अडते.

अक्षरांचा आकार किमान बावीस-चोवीस पॉइंट असावा आणि मजकूर चित्रावर न छापता पांढऱ्या जागेत छापावा. मधोमध पिना मारायच्या असतील तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवावी. फोटो व्हॉट्सॲपवरून नेहमीप्रमाणे पाठवल्यास त्याचा दर्जा उतरतो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा.

काढलेल्या चित्राच्या धडावर मुलाचा चेहरा चिकटवणे मला पटत नाही. मूल त्या चेहऱ्याकडेच पाहत राहते. त्यापेक्षा त्याचे दप्तर, त्याची पाण्याची बाटली, आजीची साडी ओळखू येईल असे साधे चित्र अधिक काम करते. तयार पुस्तक ऑनलाइन मागवताना मुलाचे पूर्ण नाव, शाळा आणि इमारत यांचा तपशील देऊ नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीची तरतूद आहे, पण गोष्टीला ज्याची गरजच नाही ती माहिती मुळातच न देणे बरे.

पुस्तक हातात आल्यावर

मूल घडाघडा वाचते आहे असे वाटते आणि प्रत्यक्षात त्याला ते पाठ झालेले असते, ही तक्रार मी वारंवार ऐकते. पाठ होणे वाईट नाही, पण त्यालाच वाचन समजून थांबणे ही चूक आहे. पुस्तकातील वाक्ये कागदाच्या पट्ट्यांवर लिहावीत, क्रम बदलून समोर ठेवावीत. मूल पट्टीकडे पाहून योग्य वाक्य म्हणाले तर ते वाचते आहे. नाहीतर पट्टी कात्रीने कापून शब्द सुटे करावेत आणि त्यांतून त्याच्याकडूनच वाक्य पुन्हा जुळवून घ्यावे.

मूल अडले की घरातील मोठे माणूस लगेच शब्द सांगते. हा मोह मोठा आहे, आणि तो मलाही आवरत नसे. मनात पाचपर्यंत आकडे म्हणावेत. तेवढ्या वेळात बहुतेक शब्द मूल स्वतः सोडवते. न सुटल्यास पहिले अक्षर सांगावे, संपूर्ण शब्द सांगू नये.

शेवटची चूक म्हणजे मुलाला केवळ त्याच्याच नावाची पुस्तके देत राहणे. ब्रिटनमधील एका अभ्यासात, मुलांच्या एका लहान गटावर, पुस्तकाच्या वैयक्तिक केलेल्या भागांतून मुले नवे शब्द अधिक शिकतात असे दिसले होते. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. हा फायदा घ्यावा, पण तो पुढच्या पुस्तकाकडे नेण्यासाठी वापरावा. तीच अक्षरे, तेवढीच लहान वाक्ये, परंतु नायक दुसरा, असे पुस्तक लगेच हाताशी असावे. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर वाचनपातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी विनामूल्य मिळतात; त्यांतील पहिल्या पातळीच्या गोष्टी यासाठी सोयीच्या आहेत. खुल्या परवान्यामुळे मूळ लेखक-चित्रकारांचा उल्लेख ठेवून त्यांत आपल्याला बदलही करता येतात.

आपण केलेल्या पुस्तकाची फाइल मात्र जपून ठेवावी. सहा महिन्यांनी मुलाची अक्षरे वाढलेली असतात, आणि तेव्हा त्याच गोष्टीत दोन-चार जोडाक्षरे घालून नवी प्रत काढता येते. भाचीच्या पुस्तकाची पुढची प्रत करताना मी प्रवास खारच्या पुढे नेला आहे, आणि त्यात आता सांताक्रूझ आहे.