नाल्याच्या पाण्यावर मेथी-पालक टाकायच्या आधी हे वाचा

राम राम मंडळी. पाऊस उघडला, कपाशीची वेचणी सुरू झाली, आता मेथी, पालक, कोथिंबिरीचे वाफे पडतील. शहराच्या खालच्या अंगाला ज्यांची शेतं आहेत, मग ते जळगाव असो, धुळं असो की भुसावळ, त्यांच्यातले बरेच जण नाल्यात मोटार टाकून भाजी काढतात. पाणी फुकट, खत कमी लागतं, अन् पालक असा काळाभोर येतो की व्यापारी बांधावरूनच उचलतो. पण भो, तो काळेपणा सांडपाण्यातल्या नत्राचा. त्याच पाण्यात जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्यांचं शिसं, धातूवर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगवाल्यांचं क्रोमियम-निकेल, कॅडमियम असं काही जड धातूचं विष असलं तर ते पानात जातं, आणि भाजीत ते खाणाऱ्याचं नुकसान करण्याइतकं असलं तरी बऱ्याचदा पान पिवळं पडत नाही, वास येत नाही, शिजवून तर ते अजिबात जात नाही.

हे शिरतं कसं ते बघा. कॅडमियम बऱ्यापैकी जस्तासारखं वागतं, म्हणून मूळ ज्या वाटेनं जस्त घेतं त्याच वाटेनं ते आत येतं, आणि जमिनीत जस्त कमी असलं की त्याला वाट अजून मोकळी. मग पाण्याबरोबर वर चढतं, पाणी पानातून उडून जातं, धातू तिथंच राहतो. म्हणून पालेभाजीत सगळ्यात जास्त, मुळा-गाजरात त्याखालोखाल, आणि गिलके, दोडके, दुधी, गवार यांच्यात त्यामानानं कमी. आपलं भरताचं वांगं मधेच कुठंतरी, पण पालकापेक्षा बरं. शिशाचं जरा वेगळंय, ते मुळापाशीच अडकतं, वर फारसं चढत नाही, पण माती अन् धूळ होऊन पानावर बसतं. पेट्रोलमधलं शिसं 2000 साली बंद झालं तरी जुन्या हायवेच्या कडेच्या मातीत पडलेलं कुठं जाणार, ते तिथंच आहे.

आपलं नशीब एवढंच की आपली काळी चिकण जमीन चुनखडीची, सामू (pH) 8 च्या आसपास, त्यामुळे शिसं, कॅडमियम ती बरंच धरून ठेवते. व्हिडिओत सांगतात चुना टाका, तो सल्ला आम्लधर्मी लाल मातीचा, आपल्याकडे टाकू नका, उगाच जस्त अन् लोह अजून अडकून बसेल. त्यापेक्षा चांगलं कुजलेलं शेणखत द्या आणि तपासणीत जस्त कमी निघालं तर एकरी 8 ते 10 किलो झिंक सल्फेट. अजून एक, खाऱ्या पाण्यातलं क्लोराईड कॅडमियमला मोकळं करतं, म्हणून अशा तुकड्यात क्लोराईडवाल्या लाल पोटॅशऐवजी सल्फेटवालं पोटॅश वापरा, महाग पडतं हे मान्य.

आता ज्यांच्याकडे विहीर पण आहे अन् नाला पण, त्यांनी एवढंच करा, पालेभाजी विहिरीवर घ्या, नाल्याचा तुकडा कपाशी नाहीतर झेंडूला द्या. तिथं लसूणघास, नेपियर पण नको, दुभत्या जनावराच्या पोटात कशाला घालायचं. आणि जुड्या बांधून झाल्यावर ताज्या दिसाव्यात म्हणून नाल्यात बुचकळून काढतात ना, ते बंदच करा, मुळाची माती जाते पण नाल्याचा गाळ पानावर चढतो. गाळावरून आठवलं, गावतळ्याचा गाळ खुशाल भरा, शहराच्या नाल्याचा गाळ अन् न चाळलेलं कचऱ्याचं खत मात्र भाजीच्या वाफ्यात नको, त्यात बॅटरीचे सेल, रंगाचे डबे सगळंच आलेलं असतं.

तुम्ही म्हणाल माझं मृदा आरोग्य पत्रिकेचं कार्ड आहे, सगळं हिरवं दाखवतं. त्या कार्डात 12 गोष्टी असतात, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन. शिसं नाही, कॅडमियम नाही. ती तपासणी वेगळी सांगून करावी लागते. रावेर तालुक्यातल्या पालला, जळगावजवळच्या ममुराबादला नाहीतर धुळ्याला कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा की कोणती लॅब करते आणि किती पैसे घेते. नमुना घेताना शेतात नागमोडी चालत 8-10 ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्या, माती प्लास्टिकच्या बादलीत गोळा करा, जस्ताच्या पत्र्याच्या घमेल्यात नको, नाहीतर घमेल्याचंच जस्त रिपोर्टात येईल. नाल्याच्या पाण्याचा नमुना वेगळ्या स्वच्छ बाटलीत, आणि तो पावसाळ्यात नको, आता पाणी आटायला लागलं की घ्या.