व्हीलचेअर उतारावरून, फुटपाथवर आणि जिन्यावरून कशी न्यावी

उतार किंवा फुटपाथची कड असेल तर बसलेल्या माणसाचं तोंड उंच बाजूला. जिना असेल तर पाठ उंच बाजूला. अगदी सौम्य उतार सोडला, तर चढायचं असो वा उतरायचं, हे बदलत नाही. ढकलणाऱ्याने एवढं पक्कं लक्षात ठेवलं तर अर्धं काम झालं.

निघण्याआधी दोन्ही ब्रेक लावून खुर्ची जरा ढकलून बघा. टायरमध्ये हवा कमी असेल तर ब्रेकची पट्टी नीट दाबली जात नाही आणि लावलेल्या ब्रेकवरही खुर्ची सरकते. हँडलचं रबर हाताने पिळून पाहा. ते फिरत असेल, ओढल्यावर निघत असेल तर त्या दिवशी कडा-पायऱ्यांच्या वाटेला जाऊ नका, कारण माणसाचा सगळा तोल त्याच रबरावर असतो. कमरेचा पट्टा लावा, पाय फूटरेस्टवर आणि कोपरं आत घ्यायला सांगा. साडीचा पदर आणि ओढणी मांडीखाली दाबून ठेवा, लघवीच्या पिशवीची नळी चाकापासून दूर घ्या. पदराचं टोक आऱ्यांत गेलं की चाक एक फेरा घेईपर्यंत कळतही नाही.

चढावर तोंड पुढे ठेवून ढकला, हात किंचित वाकवून, छोटी पावलं टाकत. उतार अगदी सौम्य असेल तर तसंच पुढे उतरता येतं. जरा जास्त असेल तर खुर्ची फिरवा: तुम्ही खाली, पाठमोरे, खांद्यावरून मागे बघत सावकाश उतरा. वळायचं ते उतार सुरू होण्याआधी. मध्येच आडवी झालेली खुर्ची एका कुशीवर कलंडते. वेग कमी करायला ब्रेक लावू नका. तो थांबलेल्या खुर्चीसाठी असतो. चालत्या खुर्चीत एक बाजू आधी धरते आणि खुर्ची गर्रकन फिरते.

रॅम्प आहे म्हणून तो सुरक्षित आहे असं मात्र समजू नका. सार्वजनिक इमारतींसाठी रूढ प्रमाण १:१२ आहे. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्यांना, ४५ सेंटिमीटर उंचीला, ५.४ मीटर लांब रॅम्प हवा. जुन्या सोसायट्यांत तेवढ्याच पायऱ्यांवर पाच फुटांचा रॅम्प ओतलेला दिसतो. ६० किलोचा माणूस आणि १८ किलोची खुर्ची धरली, तर १:१२ वर तुम्हाला साडेसहा किलोचा जोर थोपवावा लागतो. त्या पाच फुटी रॅम्पवर तो सुमारे २२ किलो होतो, वर पावसाने फरशी ओली असेल तर पायही टिकत नाही. शिवाय असा रॅम्प जिथे रस्त्याला मिळतो तिथे फूटरेस्ट जमिनीला घासून अडकतं आणि तोंड पुढे करून उतरणारा माणूस पुढे फेकला जातो. अशा रॅम्पवर एकट्याने जाऊ नका. दुसरा माणूस घ्या.

फुटपाथ चढताना कडेला काटकोनात उभे राहा. मागे जमिनीलगत आलेल्या नळीवर पाय दाबा, हँडल खाली ओढा. त्याआधी सांगा, “आजी, आता मागे कलवतोय.” न सांगता कलवलं की माणूस घाबरून काहीतरी पकडतो, बहुतेकदा चाकच. छोटी चाकं वर टेकवा, मोठी चाकं कडेला भिडेपर्यंत पुढे न्या, मग हँडल उचलून मांडीने ढकला. उतरताना उलटे या: मोठी चाकं दोन्ही एकाच वेळी खाली, खुर्ची कलवून मागे ओढा आणि बसलेल्याचे पाय कडेपासून सुटल्यावरच छोटी चाकं टेकवा. खुर्चीला मागे उलटू न देणारी जादा चाकं असतील तर ती आधी वर वळवा, नाहीतर खुर्ची कलणारच नाही. काम झालं की पुन्हा खाली करा.

गटाराच्या जाळीवर छोटं चाक फटीत रुततं. तिथेही छोटी चाकं उचलून पार करा.

जिन्याला किमान दोघं, जड माणसाला तिघं लागतात. ब्रेक सोडलेले हवेत. सर्वांत ताकदीचा माणूस वरच्या बाजूला, हँडल धरून. तो खुर्ची मागे कलवत नेतो. एका ठिकाणी हातांवरचं ओझं एकदम हलकं वाटतं, तोल तिथेच ठेवायचा. खालचा माणूस सीटखालच्या पक्क्या नळ्या धरतो. फूटरेस्ट आणि हात ठेवायच्या पट्ट्या निखळतात, त्यांना धरून कधीही उचलू नका. “एक, दोन, तीन” म्हणत एकच पायरी, दोन्ही चाकं पायरीला टेकलेली, मग थांबा, पाय जुळवा, पुढची पायरी. चढताना वरचा ओढतो, खालचा आधार देतो. उतरताना वरचा धरून ठेवतो, खालचा पुढे झेपावू देत नाही.

गोल जिना, तुटलेल्या कडा किंवा ओल्या पायऱ्या असतील तर माणसाला खुर्चीत बसवून नेऊ नका. बॅटरीवरची खुर्चीही माणसासकट जिन्यावरून नेऊ नका. ती एकटीच साध्या खुर्चीच्या कितीतरी पट जड असते. माणसाला आधी साध्या खुर्चीत घ्या.