जेएनपीटी ते मनमाड: मालगाडीचा माग कसा काढावा

प्रवासी गाडीचा मार्ग वेळापत्रकात छापलेला असतो, मालगाडीचा नसतो. मालगाडी कंट्रोल ऑफिसच्या हिशेबाने सुटते, लूपमध्ये, म्हणजे स्थानकातल्या बाजूच्या रुळावर, टाकली तर तासन्‌तास उभी राहते आणि एकाच बंदरातून निघालेले दोन रेक, म्हणजे एकत्र जोडलेल्या डब्यांचे ताफे, दोन वेगळ्या दिशांना जातात. तरीही तिचा मार्ग ओळखता येतो. त्यासाठी नकाशावर सर्वांत जवळची रेघ शोधू नका, सर्वांत सपाट रेघ शोधा. रेल्वेचा खर्च अंतरापेक्षा चढावर जास्त होतो, आणि जेएनपीटी म्हणजे न्हावाशेवा बंदराभोवतीची सगळी मालवाहतूक या एका गोष्टीभोवती फिरते.

आधी नकाशावर काम करा. सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे किंवा ओपनरेल्वेमॅप उघडा आणि बंदरातून जासईमार्गे पनवेलला येणारी रेघ शोधा. पनवेलहून पुढे चार वाटा आहेत. प्रत्येक वाटेवर पेन्सिलीने चढ लिहा.

दिव्याकडची वाट कळंबोली, नावडे रोड, तळोजे पंचनंद, निळजे, दातिवली या स्थानकांवरून जाते. पुढे कोपर, भिवंडी रोड, खारबाव, कामण रोड, जुचंद्र करत ती वसई रोडला पश्चिम रेल्वेला मिळते. या वाटेवर घाट नाही, म्हणूनच गुजरात, राजस्थान आणि दिल्लीकडचे कंटेनर बहुतांशी इकडून जातात. दिव्याहून कल्याण-नाशिक-भुसावळमार्गे उत्तरेकडे जाणारी रेघ नकाशावर सरळ दिसते, पण तिच्या वाटेत कसारा घाट आहे. चढ १:३७, म्हणजे दर ३७ मीटरला एक मीटर. पनवेल–कर्जत मार्गाने पुण्याकडे निघालात तर बोरघाट लागतो आणि तिथेही चढ १:३७ आहे. चौथी वाट रोह्याकडे कोकण रेल्वेला जाते. तिथे डोंगर बोगद्यांनी आणि पुलांनी पार केला आहे, त्यामुळे कमाल चढ १:१५० एवढाच आहे. पण बहुतेक मार्ग एकेरी असल्यामुळे समोरच्या गाडीसाठी थांबण्यात वेळ जातो.

इथे आपण कसाऱ्याची वाट धरू. शहर, घाट आणि पठार हे तिन्ही तिच्यावर भेटतात, आणि एका दिवसात नीट बघून होते.

निघण्यापूर्वी वहीत दोन गोष्टी उतरवून घ्या. पहिली, मुंबईपासूनची अंतरे. कल्याण सुमारे ५४ किलोमीटर, कसारा १२१, इगतपुरी १३७, नाशिक रोड १८८, मनमाड २६१. ओव्हरहेड वायरच्या खांबांवर अपूर्णांकासारखा आकडा असतो. वरचा किलोमीटर आणि खालचा त्या किलोमीटरमधला खांबाचा क्रमांक. दुहेरी मार्गावर एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम क्रमांक असतात. धावत्या गाडीतून आपण नेमके कुठे आहोत हे या खांबांवरून मोबाइलच्या नकाशापेक्षा लवकर कळते, घाटात तर हमखास. मात्र फाट्याच्या मार्गावर, म्हणजे दिवा–पनवेल, पनवेल–कर्जत अशा ठिकाणी, ही मोजणी वेगळी असू शकते. फाट्यानंतरचा पहिला आकडा वाचूनच पुढची गणना सुरू करा.

दुसरी गोष्ट, प्रवासी गाड्यांच्या वेळा. एनटीईएस या रेल्वेच्या गाडी-चौकशी सेवेवर मालगाड्या दिसत नाहीत, पण तिचा उपयोग उलट्या बाजूने होतो. कल्याण ते कसारा लोकल, मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या एकाच रुळांवरून धावतात, आणि मालगाडीला शेवटचा मान मिळतो. म्हणून त्या दिवशीच्या मेल-एक्सप्रेस आणि कसारा लोकलच्या वेळा मांडा आणि मोठ्या फटी खुणेने दाखवा. मालगाडी त्या फटीत सोडली जाते. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत उपनगरी भागात तिची वाट बघणे म्हणजे वेळ फुकट घालवणे. दुपारच्या आधी आणि रात्री उशिरा संधी जास्त.

उभे राहायला स्थानकाचा पादचारी पूल सर्वांत उत्तम. प्लॅटफॉर्म तिकीट घ्या, सगळे रुळ एका नजरेत दिसतात. रुळांवर उतरू नका. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. वर २५,००० व्होल्टची तार असते, तिच्यापासून दोन मीटरच्या आत छत्री, सेल्फीची काठी, काहीही जाता कामा नये. बंदराचे आवार, तेल डेपो आणि लष्करी सायडिंगजवळ कॅमेरा पिशवीतच राहू द्या. देवळालीसारख्या लष्करी भागात हे जास्तच पाळा.

गाडी समोर आली की काय वाचायचे?

सर्वप्रथम वाघिणींचा, म्हणजे मालडब्यांचा, प्रकार. सपाट वाघिणींवर कंटेनर असले तर तो बीएलसी रेक. त्यात पाच-पाच वाघिणींचे नऊ संच, एकूण ४५ वाघिणी, आणि वीस फुटी कंटेनर मोजले तर ९०. उघड्या खोक्यांसारख्या वाघिणी बॉक्सएन, सहसा ५८च्या आसपास. त्यात कोळसा, खनिज, खडी. बंद दरवाजांच्या वाघिणी बीसीएन किंवा बीसीएनएचएल, त्यात धान्य, खत, सिमेंट, साखर. गोल टाक्या म्हणजे बीटीपीएन, त्यात इंधन. तळातून माल सोडणारी नरसाळ्याच्या आकाराची वाघीण बहुधा वीज केंद्राकडे कोळसा घेऊन निघालेली असते.

रेक भरलेला की रिकामा, हे कंटेनरकडे किंवा बंद दरवाजांकडे पाहून कळत नाही. चाकांच्या बोगीतल्या स्प्रिंगकडे पाहा. भरलेल्या वाघिणीत वेटोळी जवळ येतात, रिकाम्यात उघडी दिसतात. आवाजही वेगळा असतो. रिकामा बॉक्सएन रेक खडखडतो, भरलेला जड दणके देत जातो.

मग वाघिणीवरचा अकरा आकडी क्रमांक. पहिले दोन आकडे प्रकार सांगतात. १० ते २९ उघडी, ३० ते ३९ बंद, ४० ते ५४ टाकी, ५५ ते ६९ सपाट, ७० ते ७९ तळातून रिकामी होणारी, ८५ ते ८९ ब्रेकव्हॅन. पुढचे दोन वाघीण ज्या रेल्वेच्या मालकीची तिचे (मध्य रेल्वेसाठी ०१), त्यापुढचे दोन निर्मितीचे वर्ष, नंतर चार आकड्यांचा वाघिणीचा स्वतःचा क्रमांक आणि शेवटी तपासणीचा एक आकडा. नीट वाचला की नाही हे त्या शेवटच्या आकड्यावरून कळते. पहिल्या दहा आकड्यांतील सम जागांवरचे आकडे मिळवा आणि तीनने गुणा. त्यात विषम जागांवरचे आकडे मिळवा. त्या बेरजेला पुढच्या दहाच्या पटीपर्यंत न्यायला जेवढे कमी पडतात, तो शेवटचा आकडा. समजा २२०११४३५२७ असे दहा आकडे वाचले. सम जागांची बेरीज १९, तिची तिप्पट ५७, विषम जागांची ८, एकूण ६५. ७० व्हायला ५ हवेत, म्हणजे अकरावा आकडा ५ असायला हवा. तो नसेल तर धुळीत एखादा ३ तुम्ही ८ वाचला आहे.

नवखे लोक सर्वांत जास्त फसतात ते मालकी रेल्वेच्या अक्षरांवरून. वाघिणीवर ‘पूर्व रेल्वे’ लिहिले म्हणून गाडी बंगालला चालली असे नाही. बहुतेक वाघिणी देशभर फिरतात. कुठे चालली हे माल, दिशा आणि सिग्नल मिळून सांगतात.

सिग्नलपैकी जंक्शनवर एकच गोष्ट बघा. होम सिग्नलच्या, म्हणजे स्थानकात शिरण्याआधीच्या सिग्नलच्या, डोक्यावर पांढऱ्या दिव्यांची तिरकी रांग लागली तर गाडी मुख्य मार्ग सोडून फाट्याला किंवा लूपला वळणार. रांग नाही आणि सिग्नल हिरवा, तर सरळ. रांगेसोबत एकच पिवळा असेल तर बहुधा गाडी लूपमध्ये थांबायला चालली आहे; चहा घ्यायला वेळ आहे.

वेग काढायचा तर घड्याळ पुरे. बॉक्सएन वाघीण सुमारे १०.७ मीटर, म्हणजे ५८ वाघिणींचा रेक ६२० मीटर. पहिली वाघीण खांबापाशी आल्यापासून शेवटची जाईपर्यंत ४५ सेकंद लागले तर वेग ताशी साधारण ५० किलोमीटर. तुम्ही स्वतः गाडीत असाल तर एका किलोमीटरला लागलेल्या सेकंदांनी ३६०० ला भागा.

आता कसारा. लोकल इथेच संपते. पुढे इगतपुरीला कसाऱ्यात थांबणारी एक्सप्रेस, एसटी किंवा नाशिककडची शेअर जीप. कसाऱ्यात किमान दोन तास काढा, या मार्गावर शिकण्यासारखे सर्वांत जास्त इथेच आहे. १ जानेवारी १८६५ ला सुरू झालेल्या या घाटात सुमारे १४ किलोमीटरमध्ये गाडी ३०० मीटरच्या आसपास वर चढते. ३,००० टनांचा कंटेनर रेक धरा. १:३७ चढावर फक्त वजनच त्याला ८१ टनांच्या जोराने मागे खेचते. वळणांचे आणि चाकांचे घर्षण वेगळे. डब्ल्यूएजी-९ इंजिन सुरुवातीला साधारण ४७ ते ५० टन ओढ देते. एक इंजिन तर पुरत नाहीच, दोन इंजिनांनाही हे जड. म्हणून कसाऱ्याला मागून बँकर इंजिने जोडतात. सगळी इंजिने पुढे का नाहीत? तसे केले तर पूर्ण रेकचा ताण पहिल्या जोडणीवर येईल आणि ती तुटण्याचा धोका वाढेल. मागून ढकलले की ताण वाटला जातो. शिवाय जोडणी तुटलीच तर मागचा भाग घरंगळत जायला बँकर वाट देत नाही.

बँकर जोडताना ब्रेक पाइपमधला दाब तपासतात. तो ५ किलो प्रति चौरस सेंटीमीटर असावा लागतो, आणि त्याचा परिणाम शेवटच्या वाघिणीपर्यंत पोचतो की नाही हे बघूनच गाडी हलते. गाडी कसाऱ्यात ‘उगाच’ उभी दिसते ती यासाठी. रुळाकडेच्या चढफलकावर ३७ हा आकडा दिसेल, त्याचा हात वर असेल तर चढ, खाली असेल तर उतार.

इगतपुरीकडून खाली येणाऱ्या गाडीची अडचण वेगळी. तिथे खेचण्याचा नाही, आवरण्याचा प्रश्न. उतारावर कॅच सायडिंग आहेत. मुख्य मार्गातून वर चढत जाणारा हा आंधळा रुळ असतो आणि सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी जोडणी, त्याच्याच दिशेने लावलेला असतो. गाडी तिथे थांबून आपण ताब्यात आहोत हे दाखवते, मगच सांधा मुख्य मार्गाला लागतो. ब्रेक गेलेली गाडी सरळ सायडिंगमध्ये घुसते आणि चढावर तिचा वेग मरतो. पावसाळ्यात दरडी आणि धुक्यामुळे घाटात वेगमर्यादा लागतात. जून ते सप्टेंबर या काळात तुमचा अंदाज तास-दोन तासांनी चुकेल असे धरूनच चला.

इगतपुरीला बँकर सुटतात आणि गाडीचा सूर बदलतो. घोटी, देवळालीपर्यंत बघायला फारसे नाही. देवळालीहून ७ ऑगस्ट २०२० ला दानापूरकडे देशातली पहिली किसान रेल सुटली होती, एवढे लक्षात ठेवा. नाशिक रोडनंतर डोळे उघडे ठेवा. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राकडे कोळशाचे रेक येतात. ते विदर्भाकडून, म्हणजे समोरून येतात, घाट चढून नाही. पुढे ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव, लासलगाव हा कांदा-द्राक्षांचा पट्टा. इथल्या मालधक्क्यावर बंद वाघिणी उभ्या असल्या तर हंगाम कांद्याचा आहे का ते आधी तपासा. लासलगावनंतर समिट हे स्थानक आणि मग मनमाड.

मनमाडला टाक्यांचे रेक दिसले की पानेवाडीच्या तेल डेपोंचा विचार करा. तेल मुंबईहून नळाने डेपोपर्यंत येते आणि तिथून रेल्वेने आतल्या जिल्ह्यांत जाते. त्यामुळे घाट चढणारा टाक्यांचा रेक तेल घेऊन पानेवाडीला चालला आहे, हा तर्क बहुतेक वेळा चुकतो. धान्याचे रेक अन्न महामंडळाच्या गोदामांसाठी असतात. भुसावळची रेघ सरळ पुढे जाते; दौंड आणि छत्रपती संभाजीनगरचे फाटे अंकाईच्या बाजूला निघतात. गाडी मनमाडला थांबली तर इंजिन कोणत्या टोकाला लागते ते बघा. दुसऱ्या टोकाला गेले तर दिशा बदलणार.

शेवटी ब्रेकव्हॅन किंवा शेवटची वाघीण गेली की वेळ, खांबाचा क्रमांक, वाघिणींचा प्रकार आणि संख्या, भरलेली की रिकामी, पुढे-मागे किती इंजिने, एवढे एका ओळीत लिहा. पुढच्या स्थानकावर तोच रेक पुन्हा गाठलात तर वाघिणींचे दोन-तीन क्रमांक जुळवा. नुसत्या रंगावरून किंवा इंजिनावरून जुळवू नका, कारण वाटेत इंजिन बदलू शकते.