रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर निवडताना या चुका टाळा

दर चार-पाच सेकंदांनी एक बारीक तडतड. गिटार नीट वाजली होती, आवाजही त्या दिवशी छान लागला होता, पण रेकॉर्डिंग ऐकलं की मधेच कुणीतरी प्लास्टिकची पिशवी चुरगळतंय असं वाटायचं. मी काय केलं? सॉफ्टवेअर बदललं. तडतड तशीच. पुन्हा बदललं. तिसऱ्या सॉफ्टवेअरचे शॉर्टकट हाताला बसेपर्यंत दीड महिना गेला आणि मग एका रात्री, काहीतरी करून पाहायचं म्हणून, ऑडिओ इंटरफेसची (माईक-गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डबीची) केबल यूएसबी हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावली. तडतड बंद.

म्हणून सॉफ्टवेअर निवडीबद्दल कुणी विचारलं की मी आधी उलट प्रश्न विचारतो: आत्ता जे वापरताय, त्यात नेमकं काय अडलंय? निम्म्या वेळा उत्तर सॉफ्टवेअरच्या बाहेरचं निघतं. (या सॉफ्टवेअरना ‘डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन’च्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘डॉ’ म्हणतात, पण मराठीत ‘डॉ’ लिहिलं की पुढे डॉक्टरांचं नाव येणार असं वाटतं. मी आपलं सॉफ्टवेअरच म्हणतो.)

दोष कुणाचा हे न बघता सॉफ्टवेअर बदलणं

सगळ्यात जास्त लोक इथेच घसरतात.

तडतड किंवा तुटक आवाज येत असेल तर पहिला संशय बफरवर घ्या. कॉम्प्युटर आवाजाचे बारीक तुकडे करून एकेक तुकडा हाताळतो. या तुकड्याचा आकार म्हणजे बफर. तुकडा लहान असेल तर त्याला उसंत मिळत नाही आणि आवाज तुटतो. तुकडा मोठा असेल तर आवाज तुटत नाही, पण उशिरा ऐकू येतो. हा उशीर म्हणजे लेटन्सी. ४८,००० सँपल रेटला (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने) १०२४ सँपलचा बफर म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. आवाज आत येताना एकदा आणि हेडफोनकडे जाताना एकदा, म्हणजे ४० च्या वर. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. म्हणजे तुम्ही गाताय इथे आणि तुमचाच आवाज चौदा-पंधरा मीटरवरच्या स्पीकरमधून ऐकताय, अशी गत. अशा वेळी लय धरून गाणं कुणालाही जमत नाही आणि मग ‘हे सॉफ्टवेअर स्लो आहे’ असा शिक्का बसतो.

उपाय सोपा आहे: रेकॉर्ड करताना बफर १२८ किंवा ६४, मिक्सिंग करताना १०२४. दोन्ही कामं एकाच सेटिंगवर करायचा हट्ट धरू नका. लहान बफरवर मशीन दमत असेल तर जड प्लगइन (सॉफ्टवेअरमध्ये वरून जोडायचे इफेक्ट किंवा वाद्यं) लावलेले ट्रॅक तात्पुरते ‘फ्रीझ’ करा, म्हणजे इफेक्टसकट आवाज तयार करून ठेवा. लॅपटॉप चार्जरला लावा आणि वीज वाचवणारा मोड बंद करा, कारण त्या मोडमध्ये प्रोसेसर मुद्दाम मंद चालतो.

विंडोजवर आणखी एक गोम आहे. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ड्रायव्हर कोणता निवडलाय ते बघा. तिथे एमएमई किंवा डायरेक्टसाउंड दिसत असेल तर बफरशी कितीही झटापट करा, उशीर राहणारच. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर टाका आणि तोच निवडा. ही एएसआयओ पद्धत क्यूबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्गनं १९९७ मध्ये नेमक्या याच दुखण्यासाठी आणली. मॅकवर कोअर ऑडिओ मुळातच असतो, त्यामुळे हा घोळ तिथे सहसा होत नाही. ‘मॅकवर रेकॉर्डिंग चांगलं होतं’ या समजुतीमागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

आता दुसरी तक्रार: गाताना स्वतःचा आवाज दोनदा ऐकू येतो, विहिरीत बोलल्यासारखा. इंटरफेसवर ‘डायरेक्ट’ किंवा ‘मॉनिटर’ लिहिलेलं बटण असतं, ते चालू आहे आणि सॉफ्टवेअरमध्येही ट्रॅकचं मॉनिटरिंग चालू आहे. एक आवाज सरळ कानात, दुसरा सॉफ्टवेअरचा फेरफटका मारून. दोन्हींपैकी एक बंद करा. मी बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचं बंद ठेवतो. उशीराचा प्रश्नच संपतो.

ट्रॅकवर लाल बटण पेटतंय, घड्याळ पळतंय, पण लाटेच्या जागी सपाट रेघ? कंडेन्सर माईक असेल तर ४८ व्होल्टचं फँटम पॉवर बटण बघा. ते चालू असेल तर सिस्टीमच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये जा. मॅकवर प्रत्येक प्रोग्रॅमला माईक वापरायची परवानगी वेगळी द्यावी लागते, विंडोजवर अशा सॉफ्टवेअरसाठी सहसा सगळ्यांना मिळून एकच बटण असतं. मॅकनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत ‘नको’ दाबलं गेलं असेल किंवा विंडोजचं ते बटण बंद असेल, तर सॉफ्टवेअर पुढे काही न बोलता शांतता रेकॉर्ड करत बसतं. आणि ट्रॅकचा इनपुट क्रमांक एक आहे की दोन, तेही बघा. माईक दुसऱ्या भोकात आणि ट्रॅक पहिल्यावर, हे माझ्याकडून अजूनही होतं.

सगळ्यात चक्रावून टाकणारी गडबड म्हणजे गाणं ऐकताना पट्टी उतरलेली वाटणं. गायलात त्या पट्टीपेक्षा जवळजवळ दीड अर्धस्वर खाली, आणि चालही सुस्तावलेली. याचा अर्थ कुठेतरी ४८,००० ला रेकॉर्ड झालेलं ४४,१०० नं वाजतंय. चार मिनिटांचं गाणं २१ सेकंदांनी लांबतं, हीच खूण. प्रोजेक्टचा सँपल रेट आणि इंटरफेसचा सँपल रेट एकच करा. नुसतं गाणं करायचं असेल तर ४४,१००, व्हिडिओसोबत जाणार असेल तर ४८,०००, आणि दोन्हीकडे २४ बिट. यापेक्षा मोठे आकडे घरच्या खोलीत फारसे कामाला येत नाहीत.

ब्लूटूथ हेडफोनबद्दल एकच सांगतो: गाताना ते कानात नकोत. त्यांचा उशीर कोणत्याही सॉफ्टवेअरच्या हातात नाही.

दुसऱ्याचं गाणं बघून आपलं सॉफ्टवेअर घेणं

आता खऱ्या निवडीकडे. ज्याचे व्हिडिओ आवडतात तो जे वापरतो तेच घ्यायचं, ही सर्रास होणारी चूक. पण तो बीट बनवत असेल आणि तुम्हाला गळा आणि गिटार रेकॉर्ड करायचं असेल तर? एबल्टन लाइव्हचा जीव त्याच्या सेशन व्ह्यूमध्ये आहे: छोटे तुकडे चौकटींत ठेवायचे, वाजवत वाजवत जुळवायचे. एफएल स्टुडिओ १९९७ मध्ये फ्रूटीलूप्स या नावानं निघाला तो तालाच्या पायऱ्या भरण्यासाठी, आणि ती चाल त्यात आजही दिसते. क्यूबेस, लॉजिक, प्रो टूल्स, रीपर यांची मांडणी लांबलचक टेपसारखी: डावीकडून उजवीकडे गाणं सरकतं, तुम्ही थरावर थर चढवता. सगळं सगळ्यांत करता येतं हे खरं, पण उलट्या हातानं जेवायची सवय कशाला लावून घ्यायची?

ऑडॅसिटीचा प्रश्न वेगळा. मुलाखत, पॉडकास्ट किंवा एकट्या आवाजासाठी ते उत्तम आणि फुकट आहे. २०२२ च्या ३.२ आवृत्तीपासून वाजता वाजता बदलता येणारे इफेक्टही आलेत. त्याआधी इफेक्ट लावला की तो थेट आवाजात भाजला जायचा. पण कीबोर्ड जोडून आभासी वाद्यं वाजवायची असतील तर ते त्यासाठी बनलेलंच नाही. तिथे अडून बसलेले आणि ‘मला संगीत जमत नाही’ असं म्हणणारे लोक मी पाहिलेत.

माझी चाचणी चार कामांची आहे. एकच गाणं घ्या, अर्धवट असलं तरी चालेल, आणि प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तेच करा. मेट्रोनोमवर एक कडवं गा. मग तिसरी ओळ बेसूर झाली असं समजून तेवढीच ओळ पुन्हा गाऊन मधे बसवा. मग तेच कडवं तीनदा गाऊन प्रत्येक टेकमधला चांगला तुकडा निवडून एक सलग आवाज तयार करा. शेवटी फाइल बाहेर काढा. बस्स. यातल्या तिसऱ्या कामाला किती वेळ हात अडतो ते बघा, कारण घरच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात जास्त तास तिथेच जातात. रंगीत खिडक्या आणि हजारो तयार लूप यांच्याकडे त्या वेळी दुर्लक्ष करा.

कंपनीनं दिलेल्या मोफत चाचणीचे दिवसही गाणं हातात आल्यावरच सुरू करा. रीपर ६० दिवस पूर्ण चालतं, मॅकवर लॉजिक ९० दिवस. एफएल स्टुडिओची चाचणी कितीही दिवस चालते, पण साठवलेलं प्रोजेक्ट पुन्हा उघडू देत नाही. रात्री दोन वाजता हे कळतं तेव्हा फार वाईट वाटतं.

नाव बघून आवृत्ती न बघणं

एकाच नावाखाली तीन-चार आवृत्त्या विकल्या जातात आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. एबल्टनची चाचणी त्यांच्या सगळ्यात मोठ्या ‘स्वीट’ आवृत्तीची असते. महिनाभर त्यातली वाद्यं वापरून गाणं करायचं, मग लहान ‘इंट्रो’ घ्यायची, आणि गाणं उघडलं की निम्मी वाद्यं गप्प. इंट्रोत १६ ट्रॅकची मर्यादा आहे. पुरेसे वाटतात ना? मोजा: मुख्य आवाज, त्याचे दोन डबल, चार हार्मनी, गिटार दोन माईकवर, बास, ड्रमचे वेगवेगळे चार. चौदा झाले, अजून शेकर यायचाय. प्रो टूल्सची फुकट ‘इंट्रो’ आठ ऑडिओ ट्रॅकवर थांबते. एफएल स्टुडिओची सगळ्यात लहान ‘फ्रूटी’ आवृत्ती तर वर्षानुवर्षं माईकवरून आवाज रेकॉर्ड करण्याची सोय न देताच विकली गेली, आणि गायकांनी ती घेऊन डोक्याला हात लावला. तुलनेचा तक्ता प्रत्येक कंपनीच्या साइटवर असतो. कंटाळवाणा आहे, पण वाचा.

त्याआधी इंटरफेसच्या खोक्यातला कागद शोधा. बऱ्याच इंटरफेससोबत एखाद्या नावाजलेल्या सॉफ्टवेअरची लहान आवृत्ती मोफत येते आणि तो कोड खोक्यासकट माळ्यावर जातो. क्रॅक केलेल्या प्रतीच्या नादी लागू नका. व्हायरसचा धोका आहेच, शिवाय काही बिघडलं की दोष सॉफ्टवेअरचा, क्रॅकचा की ड्रायव्हरचा, हे कळायला काही मार्ग राहत नाही.

मशीन आणि प्लगइन विसरणं

लॉजिक फक्त मॅकवर चालतं. एकेकाळी विंडोजवरही होतं, पण २००२ मध्ये ॲपलनं एमॅजिक ही मूळ कंपनी घेतली आणि तो रस्ता बंद झाला. लिनक्सवाल्यांना रीपर आणि आर्डर आहेत. प्लगइनचंही तसंच: लॉजिकला एयू प्रकारचे लागतात, प्रो टूल्सला एएएक्स, बाकी बहुतेकांना व्हीएसटी. ‘प्लगइन टाकलं पण दिसत नाही’ याचं उत्तर बहुतेकदा चुकीचा प्रकार हेच असतं. प्रकार बरोबर असेल तर सेटिंगमधून प्लगइन पुन्हा स्कॅन करा. अगदी जुनं ३२ बिटचं प्लगइन असेल तर मात्र बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये स्कॅन करूनही उपयोग नाही.

‘याचा आवाज जास्त चांगला येतो’

नाही येत. त्याच फाइल्स, तीच पातळी, कोणताही इफेक्ट नाही, अशा मिक्समध्ये फरक ऐकू आला तर तो बहुतेकदा पॅनच्या (आवाज डावीकडे, उजवीकडे की मधे ठेवायचा त्याच्या) नियमाचा असतो. मधोमध ठेवलेला आवाज काही सॉफ्टवेअर ३ डेसिबलनं कमी करतात, काही करत नाहीत. जरा मोठं ते कानाला बरं वाटतं. सेटिंग जुळवा, फरक जातो.

बाहेर पडायचा रस्ता न ठेवणं

नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सननं केकवॉक या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. तीस वर्षांचं नाव होतं ते. लोकांनी नुकतेच पैसे भरले होते. पुढच्या फेब्रुवारीत बँडलॅबनं ते विकत घेतलं आणि नंतर फुकट दिलं, म्हणून निभावलं. कोणतंही सॉफ्टवेअर असं एका सकाळी थांबू शकतं आणि एकाची प्रोजेक्ट फाइल दुसऱ्याला वाचता येत नाही. २०२३ मध्ये बिटविग आणि प्रीसोनसनं डॉप्रोजेक्ट नावाचा खुला फाइल प्रकार आणलाय, त्यामुळे काही सॉफ्टवेअरमध्ये देवाणघेवाण जमते. सगळ्यांत अजून नाही.

गाणं संपलं की मी प्रत्येक ट्रॅक वेव फाइल म्हणून बाहेर काढतो, सगळे गाण्याच्या अगदी पहिल्या क्षणापासून, मधला भाग रिकामा असला तरी. मग कुठेही टाकले की आपोआप जुळतात. आवाजाच्या दोन प्रती: एक इफेक्टसकट, एक कोरी. वाद्यांची मिडी फाइल (कोणता सूर कधी वाजला त्याची नोंद) वेगळी. फाइलच्या नावातच टेम्पो: ‘हार्मनी ३, ९२ बीपीएम’. २४ बिट, ४८,००० ला एका मोनो ट्रॅकचं एक मिनिट साडेआठ मेगाबाइटच्या आसपास जातं. बारा ट्रॅकचं चार मिनिटांचं गाणं म्हणजे चारशे-सव्वाचारशे.

मागच्या वर्षी एक जुनं गाणं उघडलं तर पडद्यावर सात प्लगइन सापडत नसल्याची यादी आली. सॉफ्टवेअर तेच होतं, लॅपटॉप नवा होता. खिडकी बंद केली, फोल्डरमधल्या वेव फाइल्स दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ओढल्या आणि संध्याकाळपर्यंत नवं मिक्स तयार होतं. त्या गाण्यात दुसऱ्या कडव्यात अजूनही ती तडतड आहे, यूएसबी हबच्या दिवसांतली. ती ओळ मी पुन्हा गायली नाही.